नाव कुणाचं, पैसा कुणाचा आणि हक्क कुणाचा?

परळच्या आमच्या इमारतीत मी गेली बरीच वर्षं लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. त्यामुळे घरात कुणी गेलं की दिवस झाल्यावर माझ्याकडे एक पिशवी येते. मागच्या वर्षी शेजारच्या वहिनी आल्या, तेव्हा पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात एलआयसीच्या पावत्या, दोन बँकांच्या मुदत ठेवींचे कागद, नवऱ्याचं पॅन कार्ड आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सर्टिफिकेट खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते हौसेने लॅमिनेट करून घेतलेलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, धाकटे दीर म्हणतात नॉमिनी मीच आहे, म्हणजे खोली माझीच झाली. खरं आहे का हे?"

दीर खोटं बोलत नव्हते. नवऱ्याने लग्नाआधी सोसायटीचा नॉमिनेशनचा फॉर्म भरला, त्यात भावाचं नाव टाकलं आणि पुढे वीस वर्षं तो बदललाच नाही. दिरांना मनापासून वाटत होतं की कायद्याने घर आपल्याकडे आलं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ प्रश्नांचं मूळ याच गैरसमजात असतं. कागदावर नाव कुणाचं आहे, त्यामागचा पैसा कुणाचा आहे आणि शेवटी हक्क कुणाचा, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. आपण मात्र पहिल्याचं उत्तर मिळालं की तिन्ही सुटले असं धरून चालतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी हा ताबा घेणारा विश्वस्त असतो. बँकेने, सोसायटीने किंवा म्युच्युअल फंडाने पैसे नाहीतर कागद कुणाच्या हातात द्यायचे, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. त्या हातातून ते कुणाकडे जायचे हे मृत्युपत्र ठरवतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा. शेअर आणि डिमॅटच्या बाबतीत पूर्वी यावर वाद होता. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. कंपनी कायद्यातल्या नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क जात नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

सोसायटीच्या बाबतीत महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं. त्यानुसार नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येतं. खरे वारस सभासद होईपर्यंत तो तिथे असतो. मेंटेनन्स भरायला आणि नोटिसा घ्यायला कुणीतरी हवं असतं, ते काम तो करतो. नॉमिनी म्हणून त्याला फ्लॅट विकून पैसे घेता येत नाहीत.

मग वहिनींच्या नवऱ्याची खोली कुणाची? त्यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू पुरुषाने स्वतः कमावलेल्या मालमत्तेचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. प्रत्येकाला एक सारखा वाटा. या घरात पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि गावाहून येऊन-जाऊन असणाऱ्या सासूबाई, म्हणजे चार वारस आणि प्रत्येकाला पाव हिस्सा. भावाला काहीच नाही. वडील हयात असते, तरी ते दुसऱ्या वर्गात येतात, म्हणून त्यांनाही काही मिळालं नसतं.

आईचा वाटा हा भाग बहुतेकांना धक्का देऊन जातो. वहिनीही क्षणभर गप्प झाल्या. "म्हणजे सासूबाई माझ्या घराच्या भागीदार?" हो. कायदा इथे सुनेविरुद्ध उभा नाही, म्हाताऱ्या आईच्या बाजूने उभा आहे. पण तुम्हाला वाटणी वेगळी हवी असेल तर ती जिवंतपणी लिहून ठेवावी लागते.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहिता येतं. करणाऱ्याची सही हवी आणि दोन साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहून स्वतः सह्या केलेल्या हव्यात. तरीही म्हाताऱ्या माणसाचं मृत्युपत्र असेल तर मी नोंदणी करा असंच सांगतो, कारण पुढे 'सही बाबांची नाहीच' हा वाद पहिला निघतो. मुंबईतल्या हिंदूंच्या मृत्युपत्राला वर्षानुवर्षं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, सक्तीचं होतं. ते कलम संसदेने २०२५ च्या अखेरीस काढून टाकलं. घरात भांडण असेल तर मात्र कोर्टाची पायरी टळत नाही.

बँकेच्या ठेवींनाही हेच तत्त्व. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवायचं, असं जोडखातं मागे राहिलेल्या खातेदाराला सहज चालवता येतं, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. आणि एक गोष्ट कळवळून सांगतो. माणूस गेल्यावर त्याचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. घरखर्चासाठीच काढले असले तरी पुढे एखादा वारस उलटला की तो व्यवहार चोरीसारखा दिसतो. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा. नॉमिनी असेल तर काम लवकर होतं.

बायकोच्या नावावर एफडी टाकली तर कर वाचतो का?

हा प्रश्न मार्च महिन्यात रोज येतो. आधी एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून मी इथे क्रमांक देत नाही. खाली सांगतोय ती तत्त्वं मात्र जुनीच आहेत.

नवऱ्याने बायकोला पैसे दिले तर त्या भेटीवर कर नाही, रक्कम कितीही असो. पण त्या पैशातून येणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. समजा तुम्ही बायकोला १० लाख दिले आणि तिने ७ टक्क्यांची एफडी केली. वर्षाचं ७०,००० व्याज बँक तिच्या पॅनवर दाखवेल, पण कायद्याने ते तुमच्या विवरणपत्रात यायला हवं. पुढची पायरी फार कमी जणांना ठाऊक असते. ते ७०,००० तिने पुन्हा गुंतवले आणि त्यावर ४,९०० मिळाले, तर ते ४,९०० तिचे. मूळ दिलेल्या पैशाचं उत्पन्न तुमचं, उत्पन्नावरचं उत्पन्न तिचं. त्यामुळे दोन्हीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

सुनेला दिलेल्या पैशालाही हाच नियम आहे. अल्पवयीन मुलांच्या नावावरचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवलं जातं. सज्ञान मुलाला किंवा आई-वडिलांना दिलेल्या पैशाला हा नियम नाही. त्यांचं उत्पन्न त्यांचंच. निवृत्त वडिलांच्या नावावर खरोखर पैसे देऊन टाकले आणि त्यांनी ठेव केली, तर त्यात गैर काही नाही. पण 'खरोखर देऊन टाकले' या शब्दांना वजन आहे. उद्या वडिलांनी ते पैसे धाकट्याला दिले तर तुम्हाला बोलता येणार नाही.

बाईने घरखर्चातून साठवलेल्या पैशाचं काय? नोटाबंदीच्या वेळी डब्यातले, तांदळाच्या पिंपातले पैसे बँकेत भरल्यावर कित्येक गृहिणींना नोटिसा आल्या. २०२१ मध्ये आयकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की नोटाबंदीच्या काळात गृहिणीने भरलेली २.५ लाखांपर्यंतची रोख तिचं अघोषित उत्पन्न समजू नये, ती तिची बचत असू शकते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. कुठल्याही पगारपत्रकावर न दिसणाऱ्या काटकसरीची त्यात कायद्याने दखल घेतली.

सोन्याबद्दलही सांगून टाकतो. घरात किती सोनं ठेवावं याला कायद्यात मर्यादा नाही. ५०० ग्रॅमचा जो आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो तो १९९४ च्या सूचनेतला. छाप्यात विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून जास्त असेल आणि पावत्या, मृत्युपत्र किंवा जुनी विवरणपत्रं असतील तर भीती नाही. आणि बाईचं स्त्रीधन तिचंच. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा एकदा सांगितलं आहे.

मामाने दिले तर चालतं, भाच्याने दिले तर?

नातेवाईकाने दिलेल्या भेटीवर कर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नातेवाईक कोण याची यादी कायद्यात दिलेली आहे, आणि ती आपल्या लग्नपत्रिकेतल्या यादीपेक्षा बरीच लहान आहे. नवरा-बायको, सख्खे भाऊ-बहिणी, नवऱ्याची किंवा बायकोची भावंडं, आई-वडिलांची भावंडं, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, सासू-सासरे आणि या सगळ्यांचे जोडीदार. चुलत, मावस, आते आणि मामे भावंडं या यादीत नाहीत.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. मामा भाच्याला ५ लाख देतो तेव्हा मामा हा भाच्याच्या आईचा भाऊ, म्हणून भाच्याला कर नाही. तोच भाचा मोठा होऊन मामाच्या ऑपरेशनला ५ लाख देतो, तेव्हा मामाच्या यादीत 'बहिणीचा मुलगा' नाही. यादी पैसे घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते. यादीबाहेरच्यांकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली, की वरच्या भागावर नव्हे तर सगळ्या रकमेवर कर लागतो. अशा वेळी मी सांगतो, भाच्याने ते पैसे थेट आईला द्यावेत आणि आईने भावाला. दोन्ही नाती यादीत बसतात. पण व्यवहार खरा हवा आणि बँकेतून हवा. किंवा ते कर्ज म्हणून द्यावेत, तेही बँकेतून, आणि साध्या कागदावर लिहून. २०,००० किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं कायद्यात बसत नाही, सख्ख्या माणसाकडूनही.

लग्नात वधू-वरांना मिळालेल्या आहेरावर कर नाही, देणारा कुणीही असो. त्यांच्या आई-वडिलांच्या हातात पडलेल्या पाकिटांना मात्र ही सूट नाही. लग्नाचाच विषय आहे म्हणून अजून एक. एका समारंभासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, हप्त्याहप्त्याने घेतली तरी नाही. दादरच्या एखाद्या केटररने साखरपुडा, हळद आणि लग्न मिळून दीड-दीड लाख रोख घेतले, तर घेतली तेवढीच रक्कम दंड म्हणून भरावी लागू शकते. दंड घेणाऱ्याला होतो. वडिलांनी मुलाला प्रेमाने २ लाख रोख दिले, तरी नियम तोच. चेक लिहायला दोन मिनिटं लागतात.

घर कुणाच्या नावावर घ्यावं?

महाराष्ट्रात सगळे खरेदीदार स्त्रिया असतील तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. मुंबईतल्या किमती बघता हे दीड-दोन लाख सहज होतात. त्यामुळे 'बायकोच्या नावावर घेऊ' हे ठरलेलं असतं. घ्या, चांगलंच आहे. मला तर वाटतं मुंबईतल्या अधिकाधिक घरांच्या करारावर बाईचं नाव यावं. पण पैसा सगळा नवऱ्याचा असेल तर भाड्याचं उत्पन्न नवऱ्याच्याच नावे धरलं जाईल, आणि विकलं तर नफाही. शिवाय गृहकर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या कररचनेत हवी असेल तर कर्ज फेडणारा करारावर मालक म्हणूनही असावा लागतो. नवरा फक्त कर्जदार आणि बायको फक्त मालक, अशी मांडणी केली तर वजावट दोघांनाही नीट मिळत नाही.

आईच्या एकटीच्या नावावर घ्यायचं म्हणत असाल तर जरा थांबा. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं अशा खरेदीला बंदी घालणाऱ्या बेनामी कायद्यात पत्नीच्या किंवा अपत्याच्या नावावर स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. आई, वडील किंवा भावंडं असतील तर सूट तेव्हाच, जेव्हा करारात तुमचंही नाव जोडीने असेल. एक तर दोघांची नावं घाला, किंवा आधी आईला बँकेतून रक्कम भेट द्या, बक्षीसपत्र लिहा आणि मग तिने तिच्या पैशातून घर घेऊ दे.

उलट बाजूही तेवढीच नाजूक आहे. म्हातारे आई-वडील मुलाच्या नावावर फ्लॅट बक्षीस करून देतात. महाराष्ट्रात राहत्या घराचं असं बक्षीसपत्र मुलगा, मुलगी, नवरा, बायको किंवा नातवंडांना केलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. इतकं स्वस्त असल्यामुळे घाईने केलं जातं. एकदा दिलेलं बक्षीस नंतर मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. वाट एकच आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार, 'मुलाने आमचा सांभाळ करावा' अशी अट घालून मालमत्ता दिली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. म्हणून ती अट कागदावर लिहा. मुलगा चांगला असेल तर त्याला त्या ओळीने काही फरक पडत नाही. मला विचाराल तर मृत्युपत्र करा आणि हयातीत घर स्वतःच्याच नावावर ठेवा. सत्तरी ओलांडलेल्या दोघांना स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं राहताना मी पाहिलं आहे. त्या जिन्यावरून जाताना अजूनही पाय जड होतात.

आई-वडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देणं कायदेशीर आहे. घर त्यांच्या मालकीचं हवं, भाडं बँकेतून जायला हवं आणि त्यांनी ते आपल्या विवरणपत्रात दाखवायला हवं. घरभाडे भत्त्याची सूट फक्त जुन्या कररचनेत मिळते. नव्या रचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत. त्यामुळे या भानगडीत पडण्याची अनेकांना आता गरजच उरलेली नाही. पण कर शून्य म्हणून विवरणपत्र भरायचं नाही, असा अर्थ काढू नका. नव्या रचनेत उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की ते भरावंच लागतं.

गेलेल्या माणसाचं कर्ज आणि कर

वहिनींची रात्रीची झोप उडाली होती ती खोलीपेक्षा क्रेडिट कार्डाच्या फोनमुळे. "तुम्ही बायको आहात, तुम्हालाच भरावं लागेल," असं वसुलीवाला रोज सांगायचा. हे पूर्ण सत्य नाही. मृताचं कर्ज त्याच्या मागे राहिलेल्या संपत्तीतून वसूल होतं. वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापर्यंतच त्याची जबाबदारी, स्वतःच्या पगारातून किंवा दागिन्यांतून भरायची सक्ती नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वहिनींनी तशी सही कुठेच केलेली नव्हती. मी त्यांना मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून बँकेला लेखी पत्र पाठवायला सांगितलं. पुढचं बोलणं लेखीच करा, फोनवर नको, हेही.

आयकराचंही असंच. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं उत्पन्न मृताच्या पॅनवर दाखवायचं आणि ते विवरणपत्र वारसाने आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून भरायचं. त्या तारखेनंतरचं व्याज किंवा भाडं वारसांच्या उत्पन्नात जातं. वारशाने मिळालेल्या संपत्तीवर भारतात कर नाही. मृताच्या संपत्तीवर पूर्वी लागणारी इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच बंद झाली. पण पुढे ते घर विकलं तर नफ्यावर कर लागतो आणि तेव्हा खरेदीची किंमत मूळ मालकाची धरतात. म्हणून वडिलांच्या काळातला करार, पागडीची पावती, बिल्डरचं वाटपपत्र, काहीही फेकू नका.

वहिनींच्या घरी शेवटी काय झालं ते सांगतो. दिरांना मी घरी बोलावलं आणि सगळं समोर ठेवलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "दादाने नाव घातलं होतं म्हणून मी धरून बसलो. मला पोरांचं घर नकोय." सासूबाईंनी आपला पाव हिस्सा सुनेच्या नावे हक्कसोडपत्राने सोडायचं ठरवलं. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. आम्ही सगळे निबंधक कार्यालयात गेलो. तिथे अंगठा मशीनवर लावायचा होता आणि सासूबाईंचा अंगठा काही उमटेना. आयुष्यभर शेतात आणि चुलीपाशी काम करून त्या रेषा पुसट झालेल्या. वहिनींनी पदर ओला करून त्यांचा अंगठा पुसला, फुंकर घालून वाळवला आणि पुन्हा टेकवला. चौथ्या वेळी तो लागला.

सोसायटीत अर्ज गेला, समितीने वहिनी आणि दोन्ही मुलांना सभासद करून घेतलं. एकच अडचण आली. शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराची नोंद करायची असते, आणि त्यावर प्लास्टिक चढवलेलं. सेक्रेटरींनी ते रद्द करून नवीन दिलं. ते हातात घेतल्यावर वहिनींनी आधी नॉमिनेशनचा कोरा फॉर्म मागितला.